शब्दचर्चा : 'पोंचकी' एक की अनेक?

मुलगा पोलंडमध्ये व्रोत्सवाफला शिकतो. परवा फोनवर म्हणाला, "आई, आज पोंचकीसाठी दुकानाबाहेर रांगा लागल्यात." (पोंचकी म्हणजे तिकडचा सारण भरून तळलेला गोड पदार्थ.) मी विचारलं, किती खाल्ल्यास? तर म्हणे, "चार खाल्ली." खाल्ल्या, खाल्ले की खाल्ली? घरात वाद पेटलाय. अर्थही सांगा.

प्रतिसाद : पोंचकी हे अनेकवचनच. एकाला पोंचेक. 'पोंक' म्हणजे कळी, पोंचेक म्हणजे छोटीशी कळी. (आपल्या बुंदीच्या आणि मोदकाच्या कळ्या आठवल्या.) च 'चार'मधला, 'चोर'मधला नव्हे, पोलिशमध्ये दोन्ही आहेत आणि वेगळे आहेत. आत बहुधा गुलाबपाकळ्यांचा मुरंबा, म्हणजे गुलकंदाचा भाऊबंदच. पिठात थोडं स्पिरिट, म्हणजे पिण्याचं कडक मद्य, घालतात, म्हणजे तळताना तेल पीत नाही. हलका झालेला पोंचेक तेलावर तरंगतो, म्हणून मधोमध फिकट पट्टा राहतो. पट्टा नसेल तर मी घेत नाही.

पोलिशमध्ये शब्द पुल्लिंगी आहे, पण मराठीत मुलाचंच बरोबर वाटतं. अंडं-अंडी, रताळं-रताळी, तसं पोंचकं-पोंचकी.

प्रतिसाद : पोंचकं! ऐकवत नाही. सरळ डोनट म्हणा की.

प्रतिसाद : नको. पोंचेकला भोक नसतं, आणि पिठात अंड्यातला बलक भरपूर असतो. अमेरिकेत डेट्रॉइटकडे 'पोंचकीज' म्हणतात, अनेकवचनाला पुन्हा अनेकवचन. हसू नका, आपणही 'एक शूज सापडत नाही' म्हणतोच.

मूळ प्रश्नकर्ती : आणि रांगा गुरुवारीच का?

प्रतिसाद : लेंटचे, म्हणजे ख्रिश्चनांचे ईस्टरआधीचे, उपास बुधवारी सुरू होतात, त्याच्या आधीचा शेवटचा गुरुवार तो. नाव 'त्वुस्ती च्फार्तेक', मी 'तुपट गुरुवार' म्हणेन. थोडक्यात, श्रावणाआधीची गटारी, फक्त गोड. त्याच दिवशी फावोर्कीही तळतात. पिठाच्या पट्टीला मधे चीर द्यायची, एक टोक त्यातून ओढून घ्यायचं, तळून वर पिठीसाखर. फावोर्कीचं मूळ फ्रेंच, फीत या अर्थाचं. क्राकूफकडे त्यालाच 'ख्रुस्त' म्हणतात, म्हणजे वाळक्या काटक्या. मला काटक्याच आवडल्या, दाताखाली तशाच मोडतात.

मूळ प्रश्नकर्ती : मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, दुकानात एक मागायचा तर 'पोप्रोशे पोंचका' म्हणावं लागतं, कर्म झालं की पोंचेकचा पोंचका होतो. आता ह्यांनी पोंचका-पोंचके असं सुरू केलंय.