प्रति: नागपूरहून तुवालू, सिडनीमार्गे की सिंगापूरमार्गे?

"सिडनीवरून स्वस्त पडतं, विमानतळाबाहेर पडायचंच नाही तर व्हिसा कशाला," असं या प्रश्नावर आधी एकाने लिहिलंय. स्वस्त पडत असेलही, पण व्हिसाचं चूक आहे. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. फुकट असतो, पण अर्ज आधीच करावा लागतो. तुवालू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशाचं विमान फिजीतून मिळतं. फिजीसाठी आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे सिंगापूर-नांदी (फिजीतला विमानतळ) हाच सरळ रस्ता. फक्त मुंबई-सिंगापूर आणि सिंगापूर-नांदी वेगवेगळ्या पीएनआरवर काढू नका. बॅग पुढे गेली नाही तर ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि तिथे सिंगापूरचा व्हिसा मागतात. नागपुरातल्या बर्डीवरचा एजंट हे आपणहून सांगेल याची खात्री नाही.

फिजीत एक दिवस मोकळा ठेवा हा सल्ला पटला, पण मी तो परतीच्या बाजूला दोन-तीन दिवसांचा ठेवीन. तुवालूची राजधानी फुनाफुतीला विमान आठवड्यातून मोजक्याच दिवशी जातं. एक रद्द झालं की पुढच्याची वाट बघत तिथेच बसा, आणि इकडे पुढची सगळी तिकिटं वाया. पैशांचंही बघा: तुवालूत पहिलं एटीएम आलं तेच 2025 मध्ये. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, तेव्हा नोटा नागपुरातूनच घेऊन निघा.