टेट्रिसच्या चालीचे इंडस्ट्रियल रीमिक्स: आवाज वाढला, पण धार येत नाही

रात्रपाळी
नमस्कार. गेम बॉय या हातात धरायच्या व्हिडिओ गेम यंत्रावरच्या टेट्रिसमधील 'ए' क्रमांकाची सर्वपरिचित चाल घेऊन मी एक इंडस्ट्रियल (यंत्रांच्या आणि धातूच्या कर्कश आवाजांवर उभे) इलेक्ट्रॉनिक रीमिक्स बांधले असून त्यावर मला स्पष्ट, प्रसंगी कठोर टीका हवी आहे. मांडणी अशी आहे: सुरुवातीला मिनिटभर खर्जातला ड्रोन (सलग धरलेला सूर) आणि दूरवर आपटणारे धातूचे पत्रे, मग १०४ बीपीएमचा (मिनिटाला १०४ ठोक्यांचा) जड किक, म्हणजे खर्जातला ढोल, आणि त्यावर मूळ चाल, एक सप्तक खाली, गेम बॉयच्याच पल्स चॅनेलच्या (त्यातल्या एका ध्वनिनिर्मात्याच्या) आवाजात. दुसऱ्या मिनिटापासून तिच्याखाली लांब धरलेला षड्ज आणि बेस येतात, आणि शेवटच्या मिनिटात सगळे एकदम वाजते. चालीचा मधला, लांब सुरांचा भाग मी गाळला आहे, कारण तिथे ठेक्याचा जोर ओसरतो असे मला वाटले.

अडचणी तीन आहेत. लीडवर (चाल वाजवणाऱ्या मुख्य आवाजावर) कितीही डिस्टॉर्शन (लहर मुद्दाम विकृत करून आणलेला खरखरीतपणा) चढवले तरी तो अंगावर येत नाही, नुसता मोठा होतो. दुसऱ्या मिनिटानंतर तळाशी असा गढूळपणा येतो की इक्वलायझरने वारंवारतेची कुठलीही पट्टी कापली तरी तो हटत नाही. तिसरी अडचण अधिक त्रासदायक आहे: एका श्रोत्याला यात मूळ चाल सापडतच नाही, तर दुसऱ्याच्या मते हे टेट्रिसच आहे, फक्त कर्कश केलेले, आणि मला दोघांचेही म्हणणे पटते.

चौकोनी लहर
पहिल्या अडचणीचे कारण तुमच्या डिस्टॉर्शनच्या प्लगइनमध्ये (जोड-सॉफ्टवेअरमध्ये) नसून तुम्ही त्यात काय घालता यात आहे. गेम बॉयच्या पल्स चॅनेलची लहर मुळातच दोन पातळ्यांची असते: एकदा वर, एकदा खाली, मधले काही नाही. क्लिपिंग प्रकारचे डिस्टॉर्शन लहरीचे शेंडे छाटते, आणि इथे छाटायला शेंडाच नाही. गोलसर साइन लहर त्यातून गेली तर तिला कडा येतात आणि नवे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) निघतात. चौकोनी लहरीला त्या कडा आधीपासूनच आहेत, त्यामुळे ड्राइव्ह (डिस्टॉर्शनचा जोर) वाढवून तुमच्या हाती तीच लहर उंच होऊन परत येते. तुम्हाला नेमके तेच ऐकू येत आहे.

उपाय असा की डिस्टॉर्शनच्या आधी लो-पास फिल्टर (उंच वारंवारता कापणारा) लावावा, त्याचा रेझोनन्स (कापण्याच्या जागेजवळचा उठाव) थोडा वर ठेवावा आणि कटऑफ (ती कापण्याची जागा) सावकाश हलता ठेवावा. फिल्टर कडा गोल करतो, डिस्टॉर्शन त्या पुन्हा ओरबाडून काढते, आणि कटऑफ एका जागी नसल्यामुळे प्रत्येक सुरावर निराळा ओरखडा उमटतो. रिंग मॉड्युलेशनही (एका लहरीला दुसरीने गुणणे) चालेल, पण जपून. त्यातल्या दुसऱ्या लहरीची वारंवारता चालीच्या सुरांशी असंबद्ध ठेवली तर धातूसारखा बेसूर नाद मिळतो खरा, मात्र त्याबरोबर सुराची ओळखही पुसली जाते. म्हणून तो प्रत्येक सुराच्या सुरुवातीच्या क्षणापुरता मिसळावा आणि लगेच मागे घ्यावा.

गढूळपणाबद्दल मला जास्त सांगायचे आहे, कारण तो इक्वलायझरने कधीच जाणार नाही. तुम्ही चाल आणि खालचा षड्ज एकाच बसवर (सामायिक ट्रॅकवर) नेऊन एकत्र डिस्टॉर्ट करत आहात, हे ऐकताक्षणी कळते. दोन सूर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी यांचेही सूर तयार होतात. तुमचा धरलेला षड्ज २२० हर्ट्झचा आहे. चाल पंचमावर असते तेव्हा ती सुमारे ३३० हर्ट्झवर असते, म्हणजे वजाबाकी ११०, खालच्या सप्तकातला षड्जच. म्हणून तेवढा क्षण सगळे भक्कम वाटते. (गिटारवाले डिस्टॉर्शन लावून षड्ज-पंचमाचीच जोडी पुनःपुन्हा का वाजवतात, याचेही एक कारण हेच.) पण चाल कोमल गंधारावर आली की वजाबाकी ४२ हर्ट्झच्या आसपास पडते, मध्यमावर गेली की ७४, आणि ऋषभावर उतरली की अवघी २७. तुमच्या मिक्सच्या तळाशी कुणीही न रचलेली एक बेसलाइन चालू आहे, ती खऱ्या बेसला आणि किकला धक्के देत फिरते, आणि चालीबरोबर तिची जागा बदलत असल्यामुळे तुम्ही कापलेली पट्टी पुढच्याच मात्रेला निरुपयोगी ठरते.

प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे डिस्टॉर्ट करून नंतर एकत्र आणा. १२० हर्ट्झच्या खालचा भाग वेगळा काढून तो स्वच्छच राहू द्या आणि बेसच्या फक्त वरच्या भागाला ओरबाडा. सगळ्यांवर मिळून काही लावायचेच असेल तर त्याची मात्रा जाणवेल न जाणवेल इतकी ठेवा.

काडतूस
वरच्या प्रतिसादातले तांत्रिक मुद्दे मान्य आहेत, पण माझ्या मते या रीमिक्सचा खरा प्रश्न तुम्ही काय गाळले त्यात आहे. आधी ही चाल कुठून आली ते पाहू. 'कोरोबेइनिकी' हे रशियन गाणे निकोलाय नेक्रासोव्हच्या १८६१ सालच्या कवितेवर आधारलेले आहे आणि त्यात एक फेरीवाला आणि एक मुलगी यांचा सौदा चालतो. गाणे खेळकर आहे, नाचायला लावणारे आहे. त्याच्या पहिल्या भागात (कोमल गंधार धरून) प, रे ग म, ग रे सा, सा ग प, म ग रे अशी सुरांची सतत ये-जा असते. कुठलाही सूर फार वेळ थांबत नाही आणि ओळ निमूट षड्जावर येऊन बसते. तुम्ही नेमका हाच भाग घेऊन त्याला जबरदस्तीने भेसूर करायला निघाला आहात. ज्याला चाल सापडत नाही आणि ज्याला फक्त चालच ऐकू येते, त्या दोघांच्याही तक्रारीचे मूळ इथेच आहे. खेळकर वळणांवर कर्कश आवाज चढवला की तो आवाज एकतर वळणे झाकून टाकतो किंवा वळणे त्या आवाजाला हास्यास्पद ठरवतात.

आता तुम्ही गाळलेला भाग पाहा. प, ग, म, रे, ग, सा असे लांब, उतरते सूर येतात आणि चाल षड्जाच्याही खाली शुद्ध निषादावर जाते. दुसऱ्या फेरीत ती वर चढून तार षड्जाला स्पर्श करते आणि तिथून पुन्हा शुद्ध निषादावर येऊन उभी राहते. त्या निषादाला त्याचा षड्ज मिळत नाही; चाल त्याला तसाच लोंबकळत ठेवून सरळ पंचमावरून पुन्हा सुरू होते. संपूर्ण रचनेतली सर्वांत अस्वस्थ जागा हीच आहे आणि ती कुठल्याही डिस्टॉर्शनशिवाय अस्वस्थ आहे. ठेक्याचा जोर तिथे ओसरतो हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण ओसरलेल्या जोराची भीती बाळगणारा माणूस या शैलीत फार दूर जात नाही.

माझी सूचना अशी की रीमिक्सची सुरुवातच या लांब सुरांनी करा. तुमच्या ड्रोनवर ते एकेक करून येऊ द्या, प्रत्येक सूर इतका ताणा की श्रोत्याला ही टेट्रिसची चाल आहे की नाही याची खात्री पटू नये, आणि शेवटच्या निषादावर किक सुरू करा. नंतर खेळकर भाग आला तरी त्यावर आधीच सावली पडलेली असेल आणि लीडला तितके ओरडावे लागणार नाही.

पत्रा आणि घण
निषादाचा मुद्दा अचूक आहे, मात्र तो सुरुवातीला खर्च करून टाकण्याला माझा विरोध आहे. ज्या हिरोकाझु तानाका यांनी ही गेम बॉयवरची मांडणी केली, त्यांनीच १९८६ सालच्या मेट्रॉइड या व्हिडिओ गेमचे संगीत दिले होते. तिथे संगीत कुठे संपते आणि खेळातले आवाज कुठे सुरू होतात हे खेळणाऱ्याला कळू नये अशी त्यांची भूमिका होती, आणि मोकळी, गुणगुणता येईल अशी चाल त्यांनी शेवटच्या विजयापर्यंत राखून ठेवली. तुमच्यापुढे त्याच संगीतकाराचे दोन टोकांचे नमुने आहेत, आणि तुम्ही गुणगुणता येणाऱ्या चालीला न गुणगुणता येणाऱ्या चालीची शिस्त लावू पाहत आहात. मग ती पुरती लावा. चालीचे तुकडे आधी फक्त ठेक्यात येऊ द्या: 'प, रे ग म' यातली लांब-आखूड मात्रांची रचना सुराशिवाय, नुसत्या धातूच्या आघातांवर वाजवा. कान ती लय ओळखतो, पण नाव आठवत नाही. सूर त्यानंतर यावेत आणि निषाद अगदी शेवटी.

आता पत्र्यांविषयी, आणि इथे मी कठोर होणार आहे. तुमचे सगळे धातूचे आघात एकाच तयार संचातले, एकाच जोराचे आणि एकाच रिव्हर्बमधले (कृत्रिम घुमाऱ्यातले) आहेत. १९८० मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या आइनस्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन या गटाने भंगारातले पत्रे, पाइप आणि ड्रिल वाजवले तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू स्वतःच्या आकाराने, स्वतःच्या जागेत वाजत होती. हाताचा जोर बदलला की आवाजाचा पोतही बदलत होता. तुमचा पत्रा मात्र पहिल्या मिनिटाला जसा वाजतो तसाच शेवटच्या मिनिटालाही वाजतो. तीन वेगळ्या वस्तू स्वतः आपटून ध्वनिमुद्रित करा, एक माइक अगदी जवळ आणि एक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि रीमिक्स जसजसे पुढे जाईल तसतसा जवळचा माइक वर आणा. आघात तेच राहतील, पण ते श्रोत्याच्या दिशेने सरकत येतील.

आणि दडपण निर्माण करायला आवाजांची गर्दी लागते या समजुतीवर माझा विश्वास नाही. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या व्हिडिओ गेममध्ये चार उतरते खर्ज सूर फिरत राहतात आणि परग्रहवासी कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढतो. तिथे चाल नाही की स्वरमेळ नाही. तुमच्या शेवटच्या मिनिटातल्या सगळ्या थरांपेक्षा ते चार सूर जास्त घाम फोडतात.

रात्रपाळी
सविस्तर प्रतिसादांबद्दल तिघांचेही आभार. फिल्टर डिस्टॉर्शनच्या आधी नेल्याबरोबर लीडचा स्वभावच बदलला आणि आवाज वेगवेगळे केल्यावर तळ बऱ्यापैकी मोकळा झाला. लांब सुरांचा भाग मी परत घेणार आहे, आणि तो उशिरा आणण्याकडे माझा कल आहे. मात्र सुरुवातीचा ड्रोन कमी करायला मी तयार नाही. त्या मिनिटभराच्या रिकामपणाशिवाय किकला वजन येत नाही. शंका एकच उरते. शेवट निषादावर तसाच सोडला तर तो ऐकणाऱ्याला अपुरा, फाइल तुटल्यासारखा वाटणार नाही का?

चौकोनी लहर
तुटल्यासारखा तेव्हाच वाटेल, जेव्हा त्याच्याबरोबर सगळेच थांबेल. निषाद धरून ठेवा, त्याखालचा षड्जाचा ड्रोन आधी काढून घ्या आणि किक आणखी काही आवर्तने एकटाच चालू द्या. म्हणजे शेवट ठरवून केलेला आहे हे श्रोत्याला कळेल.

आणखी एक बाब कुणी काढलेली नाही म्हणून सांगतो. तुमचा मास्टर (अंतिम मिश्रण) माझ्या मीटरवर सरासरी -६ एलयूएफएसच्या (जाणवणाऱ्या मोठेपणाच्या एककाच्या) आसपास येतो. अनेक स्ट्रीमिंग सेवा ध्वनिपातळी -१४ च्या जवळ आणून ठेवतात, म्हणजे तुमचे रीमिक्स तिथे आठेक डेसिबलने खाली ओढले जाईल, आणि लिमिटरने (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणाऱ्या साधनाने) चिरडलेले किकचे शेंडे काही परत मिळणार नाहीत. ड्रोनचा भाग आणि शेवटचे मिनिट यांच्या पातळीत सध्या जेमतेम फरक आहे, त्यामुळे ज्या रिकामपणासाठी तुम्ही अडून बसला आहात तो लिमिटर आधीच भरून टाकतो आहे. मास्टरवरचा लिमिटर काढा, ड्रोन खरोखर हळू ठेवा, आणि पुढची प्रत टाकाल तेव्हा चाल, बेस आणि आघात यांचे स्वतंत्र ट्रॅकही सोबत द्या.