दगडाचं वय काढताना घड्याळ शून्यावर कधी येतं? मदत हवी आहे

नमस्कार, चार दिवस झाले डोक्यात एकच भुंगा आहे, भूगर्भशास्त्र किंवा फिजिक्स येणारं कोणी असेल तर प्लीज समजावून सांगा.

किरणोत्सर्गावरून दगडाचं वय काढतात त्यातलं गणित मला आता जमतंय. युरेनियम २३८ चं अर्धायुष्य साधारण ४४७ कोटी वर्षं, तेवढ्या काळात त्यातलं निम्मं संपतं आणि शेवटी त्याचं शिसं २०६ होतं. पाव भाग संपला तर मी आधी सरळ निम्मे करून २२३ कोटी लिहीत होते, मग कळलं की सुरुवातीला अणू जास्त म्हणून फुटतातही जास्त, त्यामुळे उत्तर १८५ कोटींच्या आसपास येतं. इथपर्यंत ठीक.

पण युरेनियम काही दगडाबरोबर जन्मलेलं नाही ना, ते पृथ्वी बनायच्या आधीपासून आहे आणि शिलारसात असतानाही फुटतच होतं, मग तो रस थंड होऊन दगड झाला तेव्हा त्यात आधीचं शिसं असणारच, ते आणि नंतरचं शिसं वेगळं ओळखायचं कसं? सगळीकडे वाळूच्या घड्याळाचं उदाहरण देतात, पण ते घड्याळ उलटं करणारा कोणीतरी लागतो, इथे तो कोण? (कार्बन १४ नको प्लीज, ५७३० वर्षांचं अर्धायुष्य, इथे त्याचा काही उपयोग नाही.)

प्रतिसाद:
प्रश्न एकदम बरोबर जागी पडलाय. घड्याळ उलटं करतो तो स्फटिक. झिरकॉन नावाचं खनिज घ्या, त्याचा कण बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तो शिलारसात वाढत असताना त्यातल्या झिर्कोनियम या धातूच्या अणूच्या जागी युरेनियमचा अणू बसू शकतो, साइज आणि चार्ज दोन्ही जुळतात, शिशाचं मात्र दोन्ही जुळत नाही, म्हणून ते बाहेर रसातच राहतं. नंतर आत जे शिसं सापडतं ते जवळजवळ सगळं तिथेच बनलेलं. थोडंफार घुसलंच असेल तर शिसं २०४ हा शिशाचा आणखी एक प्रकार मोजतात, तो कुठलाही अणू फुटून तयार होत नाही, त्यामुळे ते जेवढं दिसेल त्यावरून बाहेरचं शिसं किती हे काढून वजा करता येतं. आणि त्याच कणात दुसरं घड्याळही चालू असतं, युरेनियम २३५, अर्धायुष्य ७०.४ कोटी, त्याचं शिसं २०७ होतं. दोन्हींची वयं जुळली तर उत्तरावर भरवसा ठेवायचा, नाही जुळली तर बऱ्याचदा मध्ये कधीतरी शिसं निसटलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा सर्वात जुना झिरकॉन असाच सुमारे ४४० कोटी वर्षांचा निघाला.

धागाकर्ती:
अहो किती छान सांगितलंत! म्हणजे वय युरेनियमचं नाहीच, स्फटिक बनला तेव्हापासूनचं आहे. पण मग अजून एक, तो कण जुन्या दगडातून झिजून, वाहून जाऊन दुसऱ्याच दगडात बसला तर? वय कोणाचं येणार?

प्रतिसाद:
कणाचंच. जॅक हिल्सला तेच झालंय, ज्या गाळाच्या खडकात ते कण सापडले तो खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, म्हणजे कणांपेक्षा बराच तरुण. त्यामुळे गाळाच्या खडकात सुट्या झिरकॉनवरून एवढंच म्हणता येतं की खडक याहून जुना नाही. थरांच्या मध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा मिळाला तर काम सोपं, त्यातले झिरकॉन बहुतेक उद्रेकाच्या थोडेसेच आधी बनलेले असतात, म्हणून वरच्या आणि खालच्या अशा दोन पट्ट्यांची वयं काढून मधला थर त्या दोन आकड्यांमध्ये बसवतात.