रविवारी सायकल कुठनं काढायची? (कोल्हापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची शुक्रवारची चर्चा)

*रोहित, सी-३०४ (रात्री ८:४२)*
नमस्कार मंडळी. परवा रविवारी आम्ही तिघंचौघं सायकली काढालोय. हायवे नको, डांबरही शक्यतो नको. नदीकाठ आणि माळ दोन्ही बघायचंय, चाळीसेक किलोमीटरात. ॲपवर जोतिबाच्या बाजूचा एक रूट बघितला, निळी रेघ सरळ उसातनं गेलीय. तिथं खरंच रस्ता हाय का?

*सेक्रेटरी काका (८:४४)*
उद्या सकाळी ९ ते १२ टाकी सफाई, पाणी बंद. हा मेसेज कृपया वर ढकलू नये. आणि रोहित, मागच्या वेळचा चिखल लिफ्टपर्यंत आला होता.

*रोहित (८:४५)*
काका, आता बाहेरच धुऊन आणतो 🙏

*सुनंदा काकू, बी-२०२ (८:४९)*
एवढी महागाची सायकल घेऊन चिखलात कशाला घालायची रे? तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, मला काय सांगत नाही.

*रोहित (८:५२)*
काकू, ही त्यासाठीच असते. ग्रॅव्हल बाइक. हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर ४० एमएम. हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवायची, म्हणजे खडीवर टायर दबतो आणि सायकल उड्या मारत नाही. मुरमाच्या रस्त्यावर तर लोण्यासारखी जाते.

*आप्पा, ए-१०१ (९:०३)*
रोहित, निळी रेघ कुणी काढली त्याला पहिलं हे विचार, कुठल्या महिन्यात काढलीस. ती पाणंद हाय, शेतातनं जाणारी वाट. जुलैत तिचा वढा होतोय, जानेवारीत ट्रॉल्यांची रांग लागत्या, एप्रिल-मेला घोट्यापर्यंत फुफाटा. ॲपला रेघ एकच. आपल्याकडं रस्ता कुठनं जातोय हे नंतर, कवा जातोय हे आधी.

*आप्पा (९:११)*
पंचगंगा ओलांडायची तर राजाराम बंधाऱ्यावरनं जा. कसबा बावड्यातनं उतरलं की पलीकडं वडणगं. पावसाळ्यात हा पाण्याखाली असतोय, त्यावरनंच सगळ्या जिल्ह्याला पूर कळतोय. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आता पाणी उतरलंय, बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालायचे दिवस. पाटबंधारेत सगळी नोकरी त्यातच गेली म्हणून सांगतो. दगडी खांबांना खाचा असतात, त्यात बरगे एकावर एक सोडायचे, दोन रांगा करायच्या आणि मधी माती ठासायची. पावसाळ्याआधी परत सगळे काढायचे, नाहीतर पूर बंधाऱ्यालाच धक्का देतोय. असल्या बंधाऱ्याला सगळ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात.
काम चालू असलं तर माणसं आणि बरगे वाटेतच असतात. उतरून, सायकल हातात धरून जायचं. कठड्याच्या भरवशावर राहू नका, कुठं असतोय, कुठं पुरानं नेलेला असतोय.

*श्रुती, बी-२०२ (९:१३)*
मी पण येतो! माझी हायब्रिड चालेल काय? टायर ३२ चा हाय.

*रोहित (९:१४)*
चालंल. हवा थोडी कमी कर, आणि मडगार्ड काढून ये.

*सुनंदा काकू (९:१५)*
श्रुती, घरात बस. परीक्षा हाय नव्हं?

*श्रुती (९:१५)*
आई, ग्रुपवर नको ना 😭

*बबन मामा, ए-३०२ (९:२६)*
मडगार्ड काढायचं बरोबर सांगितलंस. नदीकडंची मळीची म्हणजे गाळाची जमीन काळी, ओली असली की टायर आणि फ्रेमच्या मधी अशी बसत्या की चाक फिरतच नाही. एक काटकी खिशात ठेवा, खरडायला. वर कुशिऱ्याकडं चढलासा की माती तांबडी हुत्या, मुरूम लागतोय. तिथं पाऊस पडून दोन दिवस झालं की वाट कोरडी.
दुसरं. कुणी उसाला पाणी लावलं असलं आणि दारं मोडताना, म्हणजे पाणी एका सरीतनं दुसरीत वळवताना, पाट पाणंदीत फुटला असला, तर कितीही ऊन असू दे, पन्नास फूट गाळ असणारच. त्याला कडेच्या बांधावरनं जायचं नाही. बांध ढासळतोय आणि शिव्या आम्हाला बसतात. सायकल उचला आणि गाळातनंच चाला. पायच धुवायचे हाईत नव्हं.

*रोहित (९:२८)*
मामा, ऊसतोड सुरू झाली का तिकडं?

*बबन मामा (९:३३)*
कारखान्यांचं अजून दराचं चाललंय, पण गुऱ्हाळं पेटल्यात. एखादं चालू दिसलं तर थांबा. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस बघा, रस कढतोय त्या काहिलीकडं बघतबी न्हाई, उतू जायच्या आवाजावरनं जाळ कमी-जास्त करतोय. काहिलीतलं उतरायची वेळ गुळव्या ठरवतोय, तवा त्याच्याशी बोलायला जाऊ नका, त्याला तंद्री मोडलेली चालत नाही. रस मागितला तर देतील. बाहेर उभ्या पिकातला ऊस मात्र मोडायचा नाही.
पुढच्या महिन्यात डबल ट्रॉल्या सुरू झाल्या की ह्या रस्त्याला येऊच नका. ट्रॉलीतनं पडलेला ऊस चाकाखाली आला की सायकल गेलीच बाजूला.

*माने सर, सी-१०२ (९:४०)*
खाली राहण्यापेक्षा थेट पन्हाळा, आणि तिथून तुरुकवाडी, म्हाळुंगे करून मसाई पठार का नाही? पावनखिंडीच्या मोहिमेची वाट तीच. १६६० च्या जुलैत महाराज त्याच बाजूने विशाळगडाकडे निघाले. शिवाय गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला. पोरांना बघायला मिळेल.

*माधुरी वहिनी, बी-४०१ (९:५२)*
सर, मसाईपर्यंत जाऊ दे, पण पठारावर सायकल चालवायला माझा विरोध आहे. मी वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून नाही, वर गेलेल्या कुणालाही दिसेल म्हणून. खाली जांभा खडक, वर कुठे बोटभर तर कुठे तेवढीही नाही एवढी माती. खडकाच्या खोलगट भागात पाणी साचतं, तिथे पांढरा गेंद येतो, आणि त्याच्या पायाशी सीतेची आसवं. जांभळं, नखाएवढं फूल. ते कीटक खातं! अशा मातीत नत्र जवळपास नसतं, म्हणून ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराला लागला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो.
आता त्या खोलगट जागेच्या कडेवरून टायरचा एक चर पडला, की पुढच्या पावसात पाणी त्या चरातून निघून जातं. मग गेंदही नाही आणि आसवंही नाहीत. आत्ता वर सगळं वाळलेलं दिसेल, तुम्ही म्हणाल गवतच तर आहे. बी त्याच मातीत पडलेलं असतं. जीपगाड्यांनी आधीच पुरेसं वाटोळं केलंय.

*माने सर (९:५५)*
जीप चालते आणि सायकल नको, हे काही पटत नाही.

*माधुरी वहिनी (९:५६)*
जीप चालते असं मी कुठे म्हणाले?

*निखिल (सुनंदा काकूंचा, नेदरलँड्स) (१०:०२)*
मजा आली वाचून 😄 मी इथे व्हेलुवेला, म्हणजे इथल्या माळ-जंगलाच्या भागात, सायकल घेऊन जातो. ऑगस्टमध्ये हेदर नावाचं झुडूप फुलतं आणि अख्खा माळ जांभळा होतो, मसाईची आठवण येते. इथे वाटा आखलेल्या आहेत, बाकी ठिकाणी सायकल नेता येत नाही. आणि प्रत्येक फाट्यावर नंबरचा खांब. घरून निघताना फाट्यांचे नंबर कागदावर लिहून घ्यायचे, फोन बघावाच लागत नाही. पद्धत बेल्जियममधल्या लिम्बुर्गची, १९९५ पासूनची. आपल्या पाणंदींना असे नंबर दिले तर?
वहिनी, इथे माळावर मेंढ्या मुद्दाम चारतात. नाहीतर झाडं उगवून माळाचं रान होतं. आपल्याकडे धनगरांचे कळप असतातच की.

*माधुरी वहिनी (१०:०८)*
निखिल, तुझ्याकडचा माळ बराचसा माणसांनी आणि मेंढ्यांनी उघडा ठेवलेला. मसाईवर झाड येत नाही कारण मूळ जायला जागाच नाही, खाली खडक. त्यामुळे चराई बंद केली म्हणून तिथे रान होणार नाही. आखलेल्या वाटेची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे.

*आप्पा (१०:१४)*
नंबर कशाला? बंधाऱ्यांची नावं हाईत. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवर राशिवडे, हळदी, सरकारी कोगे, खडक कोगे. कासारीवर यवलूज, पुनाळ-तिरपण. पावसाळ्यात रोज बातमीत ऐकून शाळेतल्या पोरांची पाठ झाल्यात. वाट चुकलास तर नाव विचार, नंबर कुणाला म्हाईत असणार?

*बबन मामा (१०:१५)*
आप्पा नाद खुळा 👏

*सुनंदा काकू (१०:१७)*
निखिल, जेवलास का? तिकडं अजून सातपण वाजले नसतील.

*निखिल (१०:१७)*
आई, ग्रुपवर नको.

*रोहित (१०:२२)*
मग ठरवू या. मसाई रद्द, वहिनींचं पटलं. बावडा, राजाराम बंधारा, वडणगे, निगवे, कुशिरे, पोहाळ्याची लेणी, आणि तसंच पुढं जोतिबावर चढून केर्लीत उतरायचं?

*आप्पा (१०:२५)*
रविवारी जोतिबा? रविवार देवाचा वार. केर्लीपासनं गाड्यांची रांग असत्या, त्यात उतारावर तुम्ही. लेण्यापर्यंत जा आणि मागं फिरा.

*बबन मामा (१०:२९)*
आणि येताना त्याच वाटेनं नको. निगव्यावरनं भुयं, शिये धरा आणि शियेच्या पुलावरनं बावड्यात या. जाताना बंधारा, येताना पूल. चाळीस भरणार नाहीत, पण पाणंदीचे तीस म्हणजे डांबराचे पन्नास. भुयाच्या अलीकडं डाव्या हाताला एक पाणंद आत जात्या, ती ॲपवर पुढं जोडलेली दिसंल. जोडलेली न्हाई. मधी विहीर हाय.

*रोहित (१०:३०)*
तीच निळी रेघ मामा 😂

*माने सर (१०:३३)*
लेण्यात शांत बसावे. वर आग्या मोहोळ असले तर फोटोसाठी ड्रोन-बिन उडवू नये, परफ्यूम मारून जाऊ नये.

*श्रुती (१०:३६)*
आई हो म्हणाली. दहा वाजायच्या आत घरात, या अटीवर. रोहितदादा, माझ्याकडं पंक्चर किट नाही आणि हेल्मेट जुनं हाय.

*रोहित (१०:३८)*
किट माझं हाय, ट्यूब तेवढी तुझ्या मापाची घे. हेल्मेट आमच्या ताईचं देतो. पावणेसहाला गेटवर, लाइट लावून. बंधाऱ्यावर उजाडल्यावरच चढायचं.

*आप्पा (१०:४१)*
बंधाऱ्यावर मीबी येतोय. चालतच. बरगे कसे घालालेत ते बघायचंय, हल्ली पोरं माती नीट ठासत नाहीत.

*सेक्रेटरी काका (१०:४३)*
उद्या ९ ते १२ पाणी बंद. कृपया बादल्या भरून ठेवाव्यात.