त्रैक्य म्हणजे पाणी-बर्फ-वाफ नव्हे

शरणपूरकर :
काल इथे एकाने लिहिलं, "ख्रिश्चनांची ट्रिनिटी म्हणजे आपलाच दत्त. पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एक, रूपं तीन. त्र्यंबकला जाऊन या, कळेल." खाली नमस्कारांची रांग. ट्रिनिटी म्हणजे आमचं त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असा एकच देव. रात्री झोप लागेना म्हणून सविस्तर लिहितोय.

ते पाण्याचं उदाहरण मीही संडेस्कूलमध्ये वर्षानुवर्षं दिलंय. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग येशू बागेत प्रार्थना करत होता, तो कोणाशी बोलत होता? स्वतःशीच?" खडू हातात तसाच राहिला. बर्फ काही वाफेशी बोलत नाही. त्या गेथशेमाने बागेत घाम गाळत 'माझी नको, तुझी इच्छा होवो' म्हणणारा पुत्र आणि ते ऐकणारा पिता हे एकाच नटाचे दोन मुखवटे असतील, तर ती प्रार्थना नाटक ठरते. तिसऱ्या शतकात सबेलियस नावाचा धर्मशिक्षक हेच, एक देव आणि तीन मुखवटे, शिकवत होता आणि चर्चने ते नाकारलं.

आणि बाप्तिस्म्याचे, म्हणजे आमच्या दीक्षाविधीचे, शब्द नीट ऐका. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. 'नावांनी' नाही, 'नावाने'. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे. तिघे खरोखर तिघे, आणि देव एकच. हे सोपं करायला गेलात की मोडतं.

त्र्यंबककर :
दादा, ते मीच लिहिलं होतं. आपलं मानून लिहिलं, त्यात एवढं चिडायला काय झालं? आमचं तरी तुम्ही नीट पाहिलंय का? त्र्यंबकेश्वराची पिंड वर आलेली नाही, तिथे खळगा आहे. त्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू, महेश. लहानपणी आजोबा खांद्यावर घेऊन दाखवायचे, म्हणायचे, "तीन मोजू नकोस रे." आम्हालाही तीन सुटे देव म्हणायचे नसतात.

शरणपूरकर :
तुमच्या आजोबांचं वाक्य मनाला लागलं, हे कबूल. पण त्रिमूर्तीत एक घडवतो, एक सांभाळतो, एक संहार करतो. आमच्याकडे अशी खाती वाटलेली नाहीत. सृष्टी पित्याने पुत्राच्या द्वारे केली, तारण तिघांचं. दोन्हीकडे तीन आले म्हणून दोन्ही एक, हे मला मान्य नाही.

हिशेबी :
एक अधिक एक अधिक एक, तीन. 325 साली कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसियाच्या धर्मसभेत बिशप बसवले आणि हे ठरवायला हात वर करवून घेतले. बायबलमध्ये 'त्रैक्य' शब्द दाखवा. योहानाच्या पहिल्या पत्रातलं 'स्वर्गात साक्ष देणारे तिघे' हे वाक्यसुद्धा जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही.

शरणपूरकर :
ते वाक्य मागाहून घुसलंय, बरोबर. शब्द बायबलमध्ये नाही, हेही बरोबर. झालं समाधान? आमचं सगळं त्या एका वाक्यावर उभं नाही.

नाशिकरोडची मावशी :
बादशहाचं ऐकून ठरलं म्हणता, तर नायसियाची बाजू लढवणाऱ्या बिशप अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी का भोगावी लागली? त्यातली पहिली खुद्द कॉन्स्टंटाइनने दिली, आणि त्याचा मुलगा तर उघड विरुद्ध बाजूच्या, पुत्र निर्माण केलेला म्हणणाऱ्या एरियसच्या लोकांना धरून होता. वाद होता पुत्र निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, यावर. पवित्र आत्म्याबद्दल 325 मध्ये एकच ओळ होती, बाकीचं 381 ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आलं. मताला टाकून एका दिवसात उरकलेलं काम नाही हे.

माझं दुखणं वेगळंच आहे. आमची आजी प्रार्थनेत देवाला 'आकाशातल्या बापा' म्हणायची. आता सगळीकडे 'पित्या'. घरात पिता कोणाला म्हणतो आपण? येशू 'अब्बा' म्हणाला, ते घरातलं बोलणं होतं. तुम्ही त्याला लग्नपत्रिकेतला शब्द केलात.

सातपूर सेकंड शिफ्ट :
मावशी, शंभर टक्के. 'बापा' म्हटलं की आतून येतं.

एकलहरे :
माझ्या आतून नाही येत. माझा बाप पिऊन यायचा. दाराची कडी वाजली की आई आम्हा दोघांना पिठाच्या डब्यामागे लपवायची. मी आजही प्रार्थना येशूचंच नाव घेऊन करतो. 'बापा' माझ्या तोंडून निघत नाही.

सातपूर सेकंड शिफ्ट :
मग तुमचा विश्वास अर्धाच. पुत्र घेतला, बाप सोडला.

एकलहरे :
अर्धा? डब्यामागे तुम्ही बसला होता का? माझ्या विश्वासाचं माप घेणारे तुम्ही कोण?

नाशिकरोडची मावशी :
सातपूर, हे बोलणं मागे घ्या. आत्ता. आणि एकलहरे, माझ्या घरी बाप शब्द गोड होता, म्हणून मी तसं लिहिलं. तुमचा विचार केला नव्हता.

त्र्यंबककर :
मी बाहेरचा, तरी विचारतो. देवाला आईच का म्हणत नाही? आम्ही विठ्ठलालाही माउली म्हणतो.

शरणपूरकर :
आमचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंच आहे. हिब्रूत 'आत्मा' हा शब्दही स्त्रीलिंगी, रूआह. पण बाप्तिस्म्याचे शब्द मी बदलणार नाही, ते आपल्या मालकीचे नाहीत.

सातपूर सेकंड शिफ्ट :
बोललो ते मागे घेतो. पण शब्द बदलायचे नाहीत, यावर ठाम आहे.

एकलहरे :
बदला असं मी म्हटलंच नव्हतं. माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला फादरांनी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं, तेव्हा पहिलं नाव ऐकताना मी मान खाली घातली. एवढंच सांगायचं होतं.

हिशेबी :
गणित मला अजूनही पटलेलं नाही. पण पहिल्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न इथल्या सगळ्या बोलण्यापेक्षा सरस आहे. तिला उत्तर काय दिलंत?

शरणपूरकर :
त्या दिवशी काहीच नाही. पुढच्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय उघडून तिच्याच हातात दिला. जग स्थापन होण्याआधीपासून तू माझ्यावर प्रीती केलीस, असं येशू पित्याला म्हणतो, तिथे ती थांबली. ओळीवर बोट तसंच ठेवून म्हणाली, "म्हणजे देव आधीपण एकटा नव्हता. मग आपल्याला करमत नाही म्हणून नाही बनवलं." मी फळ्यावरचा बर्फ आणि वाफ पुसली. पवित्र आत्म्याचं काय, हे तिनेच विचारलं, आणि त्या रविवारी वर्ग अर्धा तास उशिरा सुटला.