घरच्या मॉडेल रेल्वेवर 89 फुटी वाघिणी (मालडबे): माझा ठाम विरोध

मडगावकर:
फ्लॅटच्या खोलीत 18 इंच रेडियसचं वळण टाकायचं आणि त्यावर 89 फुटी अमेरिकन ऑटोरॅक, म्हणजे मोटारी वाहणाऱ्या वाघिणी, सोडायचे, हे मला अजिबात पटत नाही. एचओत, म्हणजे 1:87 प्रमाणात, ती वाघीण 31 सेंमी भरते. दोन बोगींमधलं, म्हणजे डब्याखालच्या दोन चाकगाड्यांमधलं, अंतर 65 फूट धरलं, तर या वळणावर तिचं पोट रुळाच्या मध्यापासून 14 मिमी आत सरकतं. खऱ्या गाडीत हे सव्वा मीटर झालं! शेजारची गाडी, सिग्नल, फलाट, सगळ्याला ती घासते. आपल्या दारात, गोव्यात, मुरगाव बंदर आहे. तिथला कोळसा घेऊन ब्रागांझा घाट चढणारी बॉक्सएन ही उघडी वाघीण एचओत जेमतेम 12 सेंमी. छोट्या वळणावर तीच शोभते.

कुळेवाला:
मडगावकर बाब, खोली माझी, हौसही माझी. मोटारी वाहणारी ती उंच, लांब वाघीण मला मनापासून आवडते. आणि खरेपणाचंच म्हणाल, तर आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, 1676 मिमी. एचओत ते अंतर 19 मिमीहून जास्त हवं. तुमची बॉक्सएन एचओच्या नेहमीच्या 16.5 मिमीवरच धावते ना? ते कसं चालतं? माझे कपलर, म्हणजे डबे जोडणारे हुक, बोगीला जोडलेले आहेत, वळणावर तिच्याबरोबर फिरतात. गाडी रुळावरून उतरत नाही.

मडगावकर:
गेजची तफावत मलाही खटकते, पण तिच्यामुळे काही आदळत नाही. बोगीवरचे कपलर ओढताना ठीक. गाडी मागे ढकलून बघा, सगळा जोर बोगीवर तिरका येतो आणि चाक उतरतं. शंटिंग करायचं नसेल तर मालगाडी हवी कशाला?

फोंडा_लोकल:
कपलर बोगीला नको, वाघिणीच्या सांगाड्यालाच लावावेत, पण मग वळण मोठं हवं. वाघिणीच्या लांबीच्या तिप्पट रेडियस हा जुना ठोकताळा, म्हणजे 93 सेंमी. तेवढी जागा कुणाकडे आहे? मी दुपटीवर, 62 सेंमीवर भागवलं आणि ते वळण डोंगराआड नेलं. दूधसागरच्या बाजूला बोगदे आहेतच, त्यामुळे देखावाही जमून गेला. बोगद्याची वळणाच्या आतल्या बाजूची भिंत मात्र रुळापासून चांगली लांब ठेवा. शिवाय वजन बघा. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एवढ्या लांब वाघिणीला साधारण 200 ग्रॅम लागतं. हलकी वाघीण इंजिनाजवळ लावली, तर मागचा भार तिला वळणात आत ओढून पाडतो.

कुळेवाला:
वजनाचं पटलं, भरतो. वळण बदलणार नाही. शेजारची मुलं ती लांब गाडी वळताना बघायलाच येतात, बॉक्सएनकडे ढुंकूनही बघत नाहीत.

वास्को_यार्ड:
मग त्यांना रोरो दाखवा ना! कोकण रेल्वेवर 1999पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर बसून येतात. त्या वाघिणी एचओत 17 सेंमीच्या आसपास, वर रंगीत ट्रक. मुलांनी ते ट्रक हायवेवर पाहिलेले असतात. अमेरिकेतला ऑटोरॅक त्यांनी कुठे बघितलाय?

कुळेवाला:
कल्पना झकास. पण आपल्याकडचे ट्रक 1:87मध्ये आणायचे कुठून? हातानेच करावे लागतील. कुणी करून दिले तर ऑटोरॅकच्या मागे जोडतो.

मडगावकर:
ट्रक मी करतो, रविवारी कार्डबोर्ड घेऊन येतो. पण ऑटोरॅकच्या मागे नको. मागे ढकलताना तुमचा ऑटोरॅक उतरला, की त्याही अडकतील. रोरोची गाडी वेगळीच करा.