प्रतिसाद: रविवार सोडू नका, नाव जुळवून घ्या

नवीन लग्न झालंय, दोघंही पुण्यात नोकरी शोधताय, त्यात रविवारची चर्चमधली उपासना आणि दोन्हीकडच्या आईवडिलांसाठी वेळ, मग यातलं काय कमी करायचं, असं तुम्ही विचारलंय. रविवारची उपासना मुळीच कमी करू नका. उलट उपासनेनंतर पाळकसाहेबांना, मंडळीतल्या नोकरदारांना पद, अनुभव, नोटीस पिरियड नेमका सांगा. नुसतं 'काही असेल तर बघा' म्हटलं की कुणाला पुढे काय कळवायचं तेच समजत नाही. हिंजवडीत मुलाखत असेल त्या दिवशी घरचं काही ठरवू नका, वाटेत वाकडच्या ट्रॅफिकमध्येच वेळ जातो.

खरी अडचण नावाची. लग्नानंतर आधारवर नवं आणि पॅन, पीएफवर जुनं नाव राहिलं की नव्या कंपनीची कागदपत्रांची पडताळणी अडकते. बदलायचंच असेल तर विवाह प्रमाणपत्रावरून आधी आधार, मग पॅन, शेवटी पीएफ. मुलाखती रंगात आल्या असतील तर मात्र सध्या सगळीकडे जुनंच नाव राहू द्या.